राखेत ठेवलेली कॅसेट

नव्या प्लास्टिकचा वास मला आवडतो, आणि तो नाकात गेला की मी तिथून लवकर निघायलाही बघते. गेल्या महिन्यात नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी उभी होते. नुकतंच कसलं तरी मोठं खोकं फोडलेलं होतं. थर्माकोलचे पांढरे दाणे पंख्याच्या वाऱ्यानं फरशीवर इकडून तिकडे पळत होते आणि काउंटरवर ते यंत्र ठेवलेलं होतं, टीव्हीला जोडून गेम खेळायचं, ज्याच्यासाठी आम्ही त्या दुकानाची पायरी तिसऱ्यांदा चढलो होतो. आम्ही म्हणजे मी, नववीतली माझी लेक आणि माझी आई. आईच्या डोळ्याची तपासणी होती, दवाखाना त्याच रस्त्याला, म्हणून तीही सोबत आलेली. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवून ती स्टुलावर बसली होती आणि पायाशी येणारे थर्माकोलचे दाणे चपलेनं हळूच दाबून धरत होती.

दुकानदारानं मशीनवरून फडकं फिरवलं आणि मला जे ऐकायचं नव्हतं तेच सांगितलं. "मॅडम, मागच्या टायमाला आल्त्या तवाच उचलायचं होतं. आता रेट बदलला."

रेट दोन्ही वेळा बदलला होता. पहिल्यांदा आलो तेव्हा मी लेकीला म्हटलं होतं, जरा थांब, वर्षभरात भाव उतरेल. माझा हा आयुष्यभराचा ठाम समज. टीव्ही उतरले, मोबाइल उतरले, माझ्या लग्नात आलेलं घड्याळ पुढं रस्त्यावर ढिगानं मिळायला लागलं. विजेवर चालणारी वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवत आले. आणि इथं हे यंत्र, तेच, त्याच रंगाचं, आत काही नवीन न घातलेलं, वर्षानं म्हातारं झालेलं, आणि भाव मात्र चढलेला. दुसऱ्यांदा आलो तेव्हा मी म्हटलं, सणाला उतरेल. सण आला आणि गेला. दुकानदार बिचारा आपला समजावत होता, चिपा महागल्या, डॉलर वाढला, गेमांचं तर विचारूच नका. मी विचारलंच. एका गेमच्या किमतीत आमच्या घरचा किराणा चांगला पंधरा दिवस निघेल. मला उगाच त्या माणसाचा राग आला. नंतर स्वतःचा आला. दुकानात मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

लेक मात्र रुसली नाही. तिनं हातातला रिमोट दोन्ही हातांनी जपून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे मम्मी, पुढच्या वर्षी बघू." इतक्या शांतपणे म्हणाली की मीच कासावीस झाले. हा शांतपणा तिनं माझ्याकडून घेतलेला नाही, माझ्याकडे तो कधी नव्हताच. तो आईचा. आमच्या घरात तो एक पिढी ओलांडून गेला आणि मध्ये मी राहिले, सदा घाईत, सदा चुळबुळत, आणि तरीही प्रत्येक गोष्ट पुढं ढकलणारी.

तेवढ्यात स्टुलावरून आईनं विचारलं, "त्याची कॅसेट कुठंय?"

"आज्जी, याला कॅसेट नसते," लेक म्हणाली. "गेम नेटवरून येतो डायरेक्ट."

"मंग दुसऱ्याला खेळायला द्यायचा कसा?"

"नाही देता येत."

आईनं थोडा विचार केला. "आन् ठेवायचा कुठं?"

तिनं हे सहज विचारलं. पण मी पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली. कॅसेट ठेवायची कुठं, हा प्रश्न आमच्या घरात तीसेक वर्षांपूर्वी एकदा येऊन गेला होता, आणि त्याचं जे उत्तर आईनं काढलं आणि त्यावर मी जे बोलले, ते त्यानंतर आम्ही दोघींनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी तर त्या शब्दाला वळसा घालूनच इतकी वर्षं चालत आले. लोकांनी गाण्याची कॅसेट म्हटलं तरी मी विषय बदलायची.

माझं लहानपण भोकरदन तालुक्यातल्या धावड्यात गेलं. वडील गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर कामाला होते आणि आई लोकांच्या रानात. आमच्या भागात कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असत, आणि त्या प्लॉटवर बायका क्रॉसिंगला जात. हे काम बोटांचं. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी आतल्या तुऱ्यासकट अलगद सोलून काढायची, मधला नाजूक दांडा मात्र दुखवायचा नाही, आणि खुणेला लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्याची पिवळी धूळ त्या दांड्यावर फिरवायची. नख जरा खोल गेलं की कळी वाया. त्यासाठी बायका उजव्या अंगठ्याचं नख वाढवून ठेवत. आईच्या हाताखाली कळी वाया जात नसे. तिच्याशेजारच्या ओळीतली बाई अर्धी ओळ करायची तोवर आई टोकाला जाऊन उभी असायची, आणि बोलणं मध्येच थांबलेलं नसायचं. मला मात्र तिनं त्या कामाला हात लावू दिला नाही. माझी बोटं पेन धरायला आहेत, असं ती बायकांना सांगायची. मी त्या गोष्टीचा केवढा तोरा मिरवला ते आठवलं की आज मान खाली जाते.

प्लॉटच्या मालकाचं घर गावात होतं, माळवदाच्या पुढं लोखंडी जाळीचा व्हरांडा काढलेलं. त्यांच्या मुलाकडे टीव्हीला लावायचा गेम होता, गावातला पहिलाच. संध्याकाळी गावातली पोरं तिथं जमत. आमच्या वस्तीतली आम्हीही जात असू, पण आम्ही जाळीच्या बाहेर. कुणी हाकलत नसे, कुणी आत या असंही म्हणत नसे. नंबर लागायचा तो आतल्यांचा. माझ्या वर्गातल्या दोन मुली आत सतरंजीवर बसायच्या आणि खेळता खेळता वळून आमच्याकडे बघायच्या. मी जाळीला नाक लावून उभी राहायची. जाळीच्या गंजाचा वास नाकाला लागलेला घेऊन घरी यायची, आणि आई पदरानं माझं नाक पुसायची. ती काही विचारत नसे. तिला माहीत होतं मी कुठून आले.

त्या भागात एक रीत होती. क्रॉसिंगचा हंगाम संपला की मालकीण प्रत्येक बाईला एक लुगडं द्यायची. मजुरीशी त्याचा संबंध नसे, ते वेगळं मानाचं. दिवाळीच्या तोंडावर बायका ओळीनं व्हरांड्यात बसत, कुंकवाचं बोट लागे आणि लुगडं ओटीत पडे. त्या वर्षी मालकांचा मुलगा शिकायला शहरात गेलेला होता आणि त्याचा गेम कपाटावर धूळ खात पडला होता. आईची पाळी आली तशी ती म्हणाली, "काकू, मला लुगडं नगं. तो कपाटावरचा डबा द्या." ओळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालकीणबाई गोंधळल्या. अंगावरचं जुनं लुगडं ठिगळ लावलेलं, आणि ही बाई नवं नको म्हणते. पण त्यांनी दिला. आई तो डबा ओटीत घेऊन गावातून वस्तीपर्यंत चालत आली, वायरी लोंबत होत्या, आणि मी तिच्या पुढं पळत होते, जणू वरातच. त्या हिवाळ्यात आई जुन्याच लुगड्यावर राहिली. मला ते तेव्हा दिसलंसुद्धा नाही.

त्या डब्याबरोबर एकच कॅसेट होती, पिवळी, तळहाताएवढी. तिच्यावर हजारो गेमांचं आश्वासन छापलेलं आणि आत उलटसुलट करून चारच. मला विमानाचा आवडायचा. आईला विटांचा. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडायच्या, त्या फिरवून फिरवून खाली बसवायच्या, आडवी ओळ भरली की ती नाहीशी व्हायची. सुरुवातीला ती माझ्यामागे बसून नुसती बघायची. मग एक दिवस तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं आडवी कर, खाली जागा हाय ना." मी चिडून रिमोट तिच्या हातात दिला, कर म्हटलं तूच. आणि ती करायला लागली. आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर विटा पडत राहिल्या आणि आईचं नख बटणावर पडत राहिलं, टिक, टिक, तिला घाई म्हणून नव्हतीच. कळी हेरावी तशी ती वीट हेरायची. वेग वाढला की माझी धांदल उडायची, आणि ती मात्र शेजारणीशी बोलत बोलत, "थांब गं, लांबटी येऊ दे, मंग बराबर बसती बघ," असं म्हणत आख्खा डोंगर उतरवायची. वस्तीतल्या बायका दुपारी भाकरीचं पीठ मळायचं सोडून बघायला यायच्या. वडील कामावरून आले की आधी विचारायचे, कुठपोतर गेली? महिन्याभरात रिमोटच्या उजव्या बटणावर तिच्या नखाची बारीक चंद्रकोर उमटली. मी त्या चंद्रकोरीवर अंगठा ठेवून खेळायची.

मला आईचा अभिमान वाटायचा का? वाटायचा, पण वस्तीत. शाळेत मी कुणाला सांगितलं नाही की आमच्या घरात सगळ्यात चांगलं माझी आई खेळते.

तेव्हा गेम ही वस्तू होती. ती हातात यायची, खिशात जायची, दुसऱ्याच्या घरी जायची. पुढं उन्हाळ्यात भोकरदनच्या बाजारातून आणखी दोघांनी डबे आणले तेव्हा वस्तीत तीन कॅसेट झाल्या आणि त्या घरोघर फिरायच्या, विरजणाच्या वाटीसारख्या. कुणाची कुठं आहे याचा हिशेब नसे, संध्याकाळी हाक मारली की येई. आज माझी लेक म्हणते त्याप्रमाणे एवढे पैसे मोजून घेतलेला गेम तिच्या सख्ख्या मैत्रिणीला देता येत नाही, विकता येत नाही, नवा फोडल्याचा वाससुद्धा घेता येत नाही. दिवसेंदिवस महाग होत चाललेल्या वस्तूची ही तऱ्हा. मला हे पटत नाही. मी हे दुकानदारालाही ऐकवलं आणि तो भला माणूस हो हो म्हणत राहिला.

पण ती हातात येणारी वस्तू होती म्हणूनच तर पुढचं घडलं. पावसाळा तोंडावर आला. वस्तीतल्या एकाची कॅसेट दमट हवेनं बिघडली आणि त्यात मुंग्याही झाल्या. आईनं मनाशी ठरवलं. शाळा सुरू होणार, क्रॉसिंगचा हंगाम येणार, खेळायला कुणाला सवड नाही, तर दिवाळीपर्यंत कॅसेट नीट ठेवायची. आणि मौल्यवान वस्तू चार महिने नीट ठेवायची एकच पद्धत तिला ठाऊक होती. तिनं चुलीतली राख वस्त्रगाळ केली. उन्हात तापवली. एका डब्यात राखेचा थर दिला, त्यावर सावलीत वाळवलेला लिंबाचा पाला, त्यावर कॅसेट, परत पाला, परत राख, आणि झाकणाला कडेनं शेणमातीनं लिंपून टाकलं. घरचं तुरीचं आणि मुगाचं बी ती असंच ठेवायची, आणि त्यातला दाणा कधी किडला नव्हता. डबा उतरंडीवर, बियांच्या डब्यांशेजारी जाऊन बसला. चार महिने तो तिथं होता आणि मी त्याच्याकडे बघत अभ्यास केला.

दिवाळीच्या सुट्टीत त्या दोन मुली आमच्या घरी आल्या. त्याच, जाळीच्या आतल्या. मालकांच्या घरचा गेम गेला होता आणि आमच्याकडे आहे हे गावात कळलं होतं. आमच्या वस्तीत, आमच्या उंबऱ्यात त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या, नव्या परकर-पोलक्यात. मी त्यांना आत बोलावलं. आत या, हे दोन शब्द म्हणताना मला केवढं उंच झाल्यासारखं वाटलं. आईनं सतरंजी अंथरली, त्यांना चिवडा दिला, आणि मग उतरंडीवरून डबा काढून मोठ्या हौसेनं लिंपण फोडलं. राखेतून तिनं कॅसेट काढली, झटकली, फुंकली. राख उडून मुलींच्या पोलक्यांवर बसली. कॅसेट लावली तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या. काढली, परत लावली. तिच्या खाचेत राख बसलेली होती, पावसाळ्याच्या हवेनं घट्ट झालेली. आई काडीनं टोकरायला लागली, आणि एक मुलगी हसली. मग दुसरी हसली. "कॅसेट काय बियाणं हाय का राखेत घालायला?" असं त्यांच्यातली कुणीतरी म्हणाली.

मी आईला म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? अडाणी ती अडाणीच. तू कळ्या मोडायलाच जा."

एवढंच बोलले. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडचं ते बोलणं, कुणी म्हणेल त्याचं काय एवढं. पण मी ते त्या मुलींकडे बघत बोलले, त्यांच्या बाजूनं. आईनं काडी खाली ठेवली. मग तिनं कॅसेट पदरात गुंडाळली, मुलींना म्हणाली, "चिवडा खाऊन जा बायांनो," आणि चुलीकडे गेली.

कॅसेट दुरुस्त झाली हे त्यातलं सगळ्यात वाईट. वडील ती भोकरदनला रेडिओवाल्याकडे घेऊन गेले, त्यानं पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं घासली आणि पाच मिनिटांत परत दिली. संध्याकाळी टीव्हीवर विटा पडायला लागल्या. मी रिमोट आईपुढं धरला. "मला कुठं जमतंय, तूच खेळ," ती म्हणाली. रागानं नाही. भाजी निवडत होती, निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, आठ दिवसांनी तेच. मीही मग हट्ट सोडला, दहावीचं वर्ष आलं, गेम मागे पडला. मधूनच कधी लावला तर रिमोटवरची चंद्रकोर अधिक खोल झालेली वाटायची. प्लास्टिक हलकं असेल, असं मला वाटलं. त्यापलीकडे माझं डोकं चाललं नाही.

आता मी एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात उगवणशक्ती तपासते. ओल्या कागदात बिया गुंडाळून ठेवायच्या आणि दिवस मोजत थांबायचं, हे माझं काम. तिथं मी दगडासारखी थांबू शकते. घरी मात्र मला दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही. वडील गेल्यावर आईला मी जालन्याला आणलं, त्यालाही सहा वर्षं झाली. सहा वर्षं ती माझ्यासमोर आहे आणि सहा वर्षं मी ठरवते आहे की एकदा बोलायचं. तिचे डोळे ठीक झाले की बोलू. लेकीची परीक्षा झाली की बोलू. गेल्या वर्षी तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर आखडलं, सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा मला वाटलं, आता वेळ फार उरलेला नाही. खरं सांगायचं तर त्या मशीनचा हट्ट लेकीपेक्षा माझाच जास्त होता. माझ्या मनात होतं की घरात ते येईल, विटा पडायला लागतील आणि आई रिमोट हातात घेईल, म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नाही. एवढी सोय मी बघून ठेवली होती, आणि तीही स्वस्त झाल्यावर मिळावी अशी माझी अपेक्षा होती.

दुकानातून आम्ही रिकाम्या हातानं निघालो आणि रिक्षात बसलो, मध्ये लेक, दोन कडांना आम्ही दोघी. रेल्वेच्या फाटकाशी रिक्षा थांबली. गाडी यायची होती. मला ते थांबणं सहन होईना आणि मी लेकीच्या डोक्यावरून बोलून टाकलं.

"आई, ती राखेतली कॅसेट. मी तुला तेव्हा त्या पोरींसमोर बोलले. माझ्यामुळं तुझं खेळणं सुटलं."

आईनं काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "सुटलं कुठं?" ती म्हणाली. "खेळत व्हते ना मी. तू शाळेत गेली की लावायचे. रानातली कामं सरली की तर रोजच. तुझ्या यायच्या टायमाला बंद करून वरून कपडा टाकून द्यायचे."

"आणि मला म्हणायचीस जमत नाही."

"तुझ्यापुढं न्हाईच जमायचं." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. "तू बघायला लागली की बोट थरथरायचं. चुकलं तर तू हसशील वाटायचं. एकटीनं बराबर व्हायचं." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती लेकीकडे वळली. "तुझ्या आईपेक्षा लय पुढं गेल्ते मी. तिला ठावंच न्हाई."

लेक हसली. गाडी धडधडत गेली, रिक्षा हलली. मला आधी एकदम हलकं वाटलं. तीस वर्षं ज्या गोष्टीला मी रडत होते ती झालीच नव्हती. घर येईपर्यंत मात्र मला धावड्यातली ती खोली दिसायला लागली. भर उन्हाची वेळ, दार लोटलेलं, आवाज बारीक केलेला, आणि माझी आई एकटीच डोंगर उतरवते आहे, कुणी बघायला नाही. ती जिंकल्यावर कुणाकडे बघत असेल? खेळ मी तिच्याकडून काढून घेतला नव्हता. मी फक्त त्यातून माझं बघणं काढून घेतलं होतं, आणि तिनं पुढं माझ्या येण्याच्या वेळेवर लक्ष ठेवून आपला आनंद कपड्याखाली झाकला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटी दुकानात गेले आणि चढलेल्या भावानं ते यंत्र उचललं. स्वयंपाकघरातल्या ओट्याचं काम या वर्षी राहिलं, राहू दे. दुकानदार म्हणाला, आज घेतलं ते बरं केलं, पुढं अजून वाढणारच. मला त्याची खात्री होती. विटांचा गेम वेगळा विकत घ्यावा लागला. आता त्याच विटा रंगीत, चकाकत्या, मागे कसलंसं संगीत.

रविवारी दुपारी लेकीनं सगळं जोडलं. आईनं रिमोट उलटापालटा करून बघितला. "इतकी बटणं कशाला?" कुठली दोन लागतील ते लेकीनं दाखवलं. उजवा अंगठा वाकत नाही म्हणून आईनं तो सरळच ठेवला आणि मनगटातून हात हलवून नख बटणावर टेकवलं. मी दिवाणावर तिच्या अगदी शेजारी बसले, मांडीला मांडी लावून. पहिली वीट वाकडी बसली. दुसरीही. तिसऱ्या विटेला तिचा हात थरथरायला लागला आणि तिनं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. "मला कुठं जमतंय," ती म्हणाली, "तूच खेळ."

तेच शब्द, तोच आवाज. मी उठले. कुकर लावायचाय म्हणाले. जेवणं होऊन तास झाला होता, कुकरचं काहीएक काम नव्हतं. स्वयंपाकघरात येऊन मी ओट्याला टेकून उभी राहिले. मागे खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. मग टिक. मग टिक, टिक. मग लेकीचा आवाज, "आज्जी, आडवी कर," आणि त्यावर आईचा, सावकाश, "थांब गं. लांबटी येऊ दे."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मला स्वयंपाकघरात काम निघतं. माझ्या लेकीला तिथं बसता येतं, मला नाही, याचं वाईट वाटतं आणि हेवाही वाटतो. काही शब्द उगवून यायला इतकी वर्षं घेतात आणि नको त्या वेळी उगवतात, त्याला तपासायचा कागद माझ्याकडे नाही. तिच्याजवळ जाऊन माफी मागावी, पाया पडावं, असं दर रविवारी मनात येतं, पण तिला ते अवघडल्यासारखं होईल. तिनं माफ केव्हाच केलेलं आहे. बोटांनी केलेलं नाही. त्यांना मी घाई करू शकत नाही, आणि तिचा दुसरा अंगठाही आता सकाळी आखडलेला असतो. हे दोन्ही एकाच वेळी माहीत असणं फार अवघड आहे. मी फळीवरचे डबे पुसते, परत जागेवर ठेवते, परत काढते.

गेल्या रविवारी दार चार बोटं उघडं राहिलं होतं. वाऱ्यानं असेल किंवा लेकीनं ठेवलं असेल, मी विचारलं नाही, आणि ते आणखी उघडलंही नाही. त्या फटीतून टीव्ही दिसत नाही, आईचा चेहराही दिसत नाही, तिचा उजवा हात तेवढा दिसतो. ताठ अंगठा, आणि नख त्या नव्या बटणावर अजून बरोबर जागी पडणारं. मी ताटात तांदूळ घेऊन फटीसमोर बसले आणि निवडायला लागले. हल्ली तांदळात खडा म्हणून सापडत नाही. तरी आतला आवाज थांबेपर्यंत मी निवडत राहिले.